आधी झाडं, मग मासे

मासे ठेवायची हौस असलेल्या माणसाला दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, “फिश टँक म्हणजे रोजची कटकट ना?” आणि दुसरं, “आम्ही आणले होते हो, पण पंधरा दिवसांत सगळे गेले.” दोन्हींच्या मागे एकच गोष्ट आहे. टाकी मांडण्याचा क्रम उलटा झालेला असतो. क्रम सरळ केला, तर वडोदरा जिल्ह्यातल्या करजणसारख्या कडक उन्हाळ्याच्या आणि क्षारयुक्त पाण्याच्या गावातही दोन फुटांची हिरवी टाकी आठवड्याला अर्ध्या तासाच्या कामावर वर्षानुवर्षं चालते.

१. मासे मरतात कशाने?

नेहमी घडतं ते असं. रविवारी वडोदऱ्याला जायचं. टाकी, रंगीत खडे, प्लास्टिकची झाडं, हवेची मोटर आणि पिशव्यांत बांधलेले डझनभर मासे एकाच फेरीत आणायचे. संध्याकाळपर्यंत टाकी दिवाणखान्यात सजलेली असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधट होतं आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. घाबरून मालक सगळं पाणी ओततो, खडे नळाखाली खसखसून धुतो आणि ताजं पाणी भरतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग कोणी म्हणतं मासेच कमजोर होते, कोणी म्हणतं नजर लागली.

खरं कारण आहे अमोनिया. माशाच्या शरीरातला टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो. न खाल्लेलं अन्न कुजलं तरी अमोनियाच तयार होतो. नदीत तो अफाट पाण्यात विरून जातो. पन्नास लिटरच्या टाकीत त्याला जायला जागा नसते, आणि तो माशाचे कल्ले जाळतो.

निसर्गात त्याची विल्हेवाट जिवाणू लावतात. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही विषारीच. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, आणि ते बऱ्याच प्रमाणात साचलं तरी मासे सहन करतात. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. वाळूच्या कणांवर, फिल्टरच्या स्पंजवर, पानांवर ते चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी संख्या व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी मासे सोडले, की अमोनिया आजपासून आणि तो खाणारे महिन्याने, असा हिशेब होतो. आणि खडे नळाखाली धुतले की नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने, नुकते कुठे जमू लागलेले जिवाणूही मरतात.

त्यांना लवकर आणायची एक सोपी युक्ती आहे. दही लावायला शेजारून विरजण आणतो, तसा ओळखीच्या माणसाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज आपल्या टाकीत पिळून घ्यायचा. गढूळ, कळकट पाणी निघेल. तेच हवं आहे.

आता आपल्या भागात विशेष लागू पडणारी एक गोष्ट. पाणी किती आम्ल आणि किती अल्क, हे सांगणारा आकडा म्हणजे पीएच. सात हा मध्य, त्याच्यावर गेलं की पाणी अल्कधर्मी. अमोनियाची पाण्यात दोन रूपं असतात, एक बरंचसं निरुपद्रवी आणि एक जहाल. पाणी तीस अंशांवर आणि पीएच सात असेल, तर जहाल रूप शंभरात एक भागही नसतं. त्याच तापमानाला पीएच आठ झाला, की ते शंभरात सात भागांवर जातं. क्षारयुक्त पाण्याचा पीएच बहुधा आठच्या आसपास असतो. म्हणजे एखाद्या थंड, पावसाळी गावात खपून गेलेली चूक करजणात मे महिन्यात माशांच्या जिवावर बेतते.

२. झाडं काय करतात

रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली तिथल्या केमिकल सोसायटीला एका साध्या प्रयोगाची हकिगत सांगितली. बारा गॅलनच्या काचेच्या भांड्यात त्याने वाळू, चिखल, गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली होती. काही काळ सगळं ठीक चाललं. मग वनस्पतीची जुनी पानं कुजू लागली, काचेवर हिरवा थर चढला, पाणी गढूळ झालं. वॉरिंग्टनने पाणी बदलण्याऐवजी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि थर खाल्ला, आणि भांडं पुन्हा निर्मळ झालं. त्या काळी ना विजेचा पंप होता, ना फिल्टर.

झाडं प्राणवायू देतात हे शाळेत शिकलेलं असतं. टाकीत त्यांचं त्याहून मोठं काम म्हणजे ती अमोनिया थेट शोषून घेतात. बहुतेक पाणवनस्पतींना नायट्रेटपेक्षा अमोनियातला नायट्रोजन घेणं सोपं जातं. त्यामुळे जिवाणू तयार होईपर्यंतचा धोक्याचा काळ दाट लावलेल्या टाकीत पुष्कळ सौम्य होतो. जिवाणूंनी केलेलं नायट्रेटही झाडंच घेतात. मोजकी दोन रोपं शोभेला लावून हा फायदा मिळत नाही. तळाचा निम्म्याहून अधिक भाग पहिल्याच दिवशी झाडांनी भरायचा. पैसे वाचवायचे असतील तर माशांवर वाचवा, झाडांवर नको.

झाडाला तीन गोष्टी लागतात: उजेड, कार्बन आणि खत. महागड्या टाक्यांत प्रखर दिवे असतात आणि सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो. तिथे झाडं वेगाने वाढतात आणि दर आठवड्याला कात्री लावावी लागते. आपल्याला ते नको. उजेड कमी ठेवला की झाडाची भूकही कमी राहते. माशांच्या श्वासातून आणि तळाच्या कुजण्यातून मिळणारा कार्बन त्याला पुरतो, माशांच्या विष्ठेतून खत मिळतं. वाढ हळू होते, आणि कमी देखभालीचं मर्म याच हळूपणात आहे. उजेड वाढवून बाकीच्या दोन गोष्टी वाढवल्या नाहीत, तर उरलेला उजेड शेवाळाच्या कामी येतो. टाकी हिरवीगार झाली म्हणून तक्रार करणारे बहुतेक जण रात्री अकरापर्यंत दिवा लावून बसलेले असतात.

म्हणून दोन फुटांच्या टाकीवर दहा-बारा वॉटचा एलईडी, दिवसाला सहा ते सात तास, आणि तो आपोआप चालू-बंद करणारा टायमर. या सगळ्या सामानात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो टायमर. माणूस दिवा विसरतो.

३. आपलं पाणी

करजणात कोणाच्या नळाला नगरपालिकेचं पाणी येतं, कोणाच्या घरी बोअर आहे. बोअरचं पाणी असेल तर गीझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या काठावर पांढरा थर चढलेला दिसतो. तो कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा; अशा पाण्याला जड पाणी म्हणतात. पुस्तकांतल्या आणि व्हिडिओंमधल्या देखण्या टाक्या बहुधा मऊ पाण्याच्या असतात, म्हणून आपल्याकडचा नवखा माणूस पाणी बदलायच्या मागे लागतो. पीएच कमी करणाऱ्या बाटल्या आणतो. त्या ओतल्या की पीएच खाली येतो, क्षार त्याला पुन्हा वर ओढतात, आणि या खालीवर होण्यात मासे हैराण होतात. बाटल्यांच्या वाटेला जाऊ नका. पाण्याला साजेशी झाडं निवडा.

अशी झाडं आहेत, आणि ती आपल्याच भागातली आहेत. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला आणि सेराटोफायलम या तिन्ही वनस्पती जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून थेट कार्बन काढून घेऊ शकतात. मऊ पाण्याच्या झाडांना हे साधत नाही. म्हणजे ज्या क्षारांना आपण नावं ठेवतो, तेच या झाडांचं अन्न. गुजरात-महाराष्ट्रातल्या तळ्यांत आणि संथ नदीपात्रांत ती मूळचीच आहेत. सेराटोफायलमला तर मुळंही नसतात. तरंगत ठेवलं की झालं.

जड पाण्याचा खरा त्रास निराळाच आहे आणि तो बाष्पीभवनातून येतो. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज कमी होतं. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. आकडे मांडून पाहू. टाकीत पन्नास लिटर पाणी आहे, रोज एक लिटर उडतं आणि तेवढं बोअरचं पाणी आपण वरून घालतो. त्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, समजा १००० मिलिग्रॅम आहे. रोज एक ग्रॅम क्षार आत गेले, महिन्यात तीस ग्रॅम. पन्नास लिटरला भागलं की लिटरमागे ६०० मिलिग्रॅमची भर. हजारावर सुरू केलेली टाकी महिन्याभरात सोळाशेवर. पाणी नितळ दिसतं, मासे मात्र मलूल होतात, आणि कारण काही केल्या सापडत नाही.

आता तेच एक लिटर घरच्या आरओ मशीनचं घाला. त्याचा टीडीएस पन्नास धरला तर महिन्याची भर लिटरमागे फक्त तीस मिलिग्रॅम. नियम एवढाच: उडालेलं पाणी भरून काढायला आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी, आणि बदलायला नेहमीचं पाणी. आरओच्या बाजूच्या नळीतून जे पाणी वाया जातं त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. ते टाकीत कधीही घालू नये.

बोअरचं पाणी फारच जड असेल, तर सुरुवातीलाच मिसळून घ्यावं. बाराशे टीडीएसचं आणि पन्नास टीडीएसचं पाणी निम्मंनिम्मं केलं की सव्वासहाशेच्या आसपास येतं. झाडं आणि मासे दोघांनाही ते चालतं. नगरपालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला ते बादलीत उघडं ठेवून एक दिवस जाऊ द्यावं, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन मारणारे थेंब घालावेत.

४. मे महिना आणि जानेवारी

वडोदरा जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि बंद घरातल्या टाकीचं पाणी सहज बत्तीस-तेहतीस अंशांवर पोचतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, बत्तीस अंशांना सव्वासात. त्यात माशांची श्वासाची गरज मात्र उष्णतेने वाढलेली असते. म्हणून आपल्याकडे टाकीत मासे किती ठेवायचे, हे उन्हाळ्याकडे पाहून ठरवावं. जानेवारीत छान खेळणारे वीस मासे मे महिन्याच्या पहाटे वर येऊन धापा टाकतात. पहाटेच, कारण रात्रभर झाडंही प्राणवायू घेतच असतात.

टाकीवर तिरका लावलेला छोटा पंखा बाष्पीभवन वाढवून पाणी दोन ते चार अंशांनी उतरवतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत त्याचा चांगला उपयोग होतो, जुलैच्या दमट हवेत कमी. बर्फाच्या पिशव्या टाकू नयेत. तासाभरात पाच अंश उतरलेलं पाणी माशांना तेहतीस अंशांपेक्षा जास्त बाधतं.

हीटर वर्षातले दहा महिने लागतच नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा पडतो तेव्हा नाजूक मासे असतील तर पन्नास वॉटचा पुरे. पुढे सांगितलेले मासे ठेवलेत तर तोही बहुधा लागणार नाही.

५. मांडणी

टाकी घ्या दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि चौदा इंच उंच. सेंटिमीटरमध्ये साठ, तीस आणि छत्तीस. गुणाकार केला की सुमारे पासष्ट लिटर येतात, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून प्रत्यक्षात पन्नास-पंचावन्न. छोटी काचेची वाटी सोपी वाटते, पण थोडं पाणी लवकर बिघडतं आणि लवकर तापतं. पाणी, वाळू आणि काच मिळून वजन नव्वद किलोंच्या घरात जाईल, म्हणून टीपॉय नको. कडप्प्याचा ओटा किंवा लोखंडी स्टँड, त्यावर थर्माकोलची चादर, मग टाकी. खिडकीसमोर नको. थेट ऊन पडलं की पाणी तापतं आणि शेवाळ माजतं.

तळाला नदीची साधी वाळू. दोन इंच थराला सुमारे पंधरा किलो लागते, बांधकामाच्या दुकानात पोतं मिळतं. मूठभर वाळूवर लिंबाचा रस पिळून पाहा. फसफसली तर शिंपल्यांचा चुरा जास्त आहे, दुसरी घ्या. घमेल्यात घालून, हाताने ढवळत, पाणी निवळ येईपर्यंत धुवायची. याला वेळ लागतो आणि पहिल्या पाच-सहा पाण्यांत काहीच फरक पडत नाहीसं वाटतं. धुत राहा.

वाळूखाली मातीचा थर देण्याची पद्धत डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन लेखिकेच्या १९९९ सालच्या पुस्तकाने जगभर नेली, आणि ती उत्तम आहे. पण करजणच्या आसपासची काळी कपाशीची माती त्यासाठी घेऊ नये. ती भिजली की फुगते, चिकट होते, घट्ट बसते आणि जरा उपटाउपट झाली की पाणी काळं करते. शेतातली असेल तर तिच्यात युरिया-डीएपी मुरलेलं असतं, आणि त्यातून थेट अमोनियाच पाण्यात उतरतो. पहिल्या टाकीला नुसती वाळू बरी. मुळांनी खाणाऱ्या झाडांच्या बुडाशी दुकानातली खताची गोळी खोचली की भागतं.

झाडं लावताना टाकीत चार बोटं पाणी असावं. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया, मुळं वाळूत आणि पांढरा कंद वर दिसेल असा. कंद पुरला की कुजतो. मध्ये क्रिप्टोकोरीन. हिची पानं नव्या टाकीत पहिल्या पंधरा दिवसांत बऱ्याचदा विरघळून जातात आणि माणूस ती उपटून फेकतो. उपटू नका, मुळांतून नवी पानं फुटतात. या कुळातल्या काही जाती सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या ओढ्यांत आपसूक वाढतात. जावा फर्न आणि अनुबियास वाळूत लावायचेच नाहीत. लाकडाला किंवा दगडाला सुती दोऱ्याने बांधायचे. महिन्या-दोन महिन्यांत मुळं धरतात, दोरा कुजून जातो. आणि एक कोपरा ब्राह्मीसाठी ठेवा. केसांच्या तेलातली म्हणून आपण ओळखतो ती जलब्राह्मी, म्हणजेच बाकोपा, पाण्याखालीही सरळ उभी वाढते. वर सेराटोफायलमच्या दोन-चार फांद्या तरंगत सोडा. हिची वाढ जोमदार असते, आणि सुरुवातीचा अमोनिया मुख्यतः हीच ओढून घेते.

झाडं लागली की वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर सावकाश पाण्याची धार सोडायची, म्हणजे वाळू उसळत नाही. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावा. स्वस्त आहे, बिघडण्यासारखं त्यात काही नाही, आणि वीज गेली तरी झाडांनी भरलेली, कमी माशांची टाकी काही तास सहज तग धरते.

आता थांबायचं. चार ते सहा आठवडे टाकी माशांविना ठेवायची. दर दोन दिवसांनी चिमूटभर मत्स्यखाद्य टाका, ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळत राहील. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंब मिळतात. दोन्ही शून्य दाखवू लागले आणि झाडांना नवी पालवी दिसली, की टाकी तयार. झाडांसोबत चिमुकल्या गोगलगायी आल्या असतील तर राहू द्या. वॉरिंग्टनने त्या मुद्दाम आणल्या होत्या.

६. मासे, शेवटी

झेब्रा डॅनिओ हा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांचा आणि भातखाचरांचा मासा. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात त्याची नोंद केली, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत आनुवंशिकीच्या अभ्यासाला तो वापरतात. हिवाळ्याची थंडी आणि उन्हाळ्याची धग दोन्ही झेलणारा हा मासा आहे. सहा ते आठ एकत्र ठेवा आणि टाकीला झाकण ठेवा, कारण तो उडी मारतो.

शांत टाकी हवी असेल तर हनी गुरामीची जोडी आणि पाच-सहा नर गप्पी. गुरामी उत्तर-पूर्व भारतातली, आणि तिच्याकडे कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घ्यायचं एक खास इंद्रिय असतं. करजणच्या मे महिन्यात ते फार उपयोगी पडतं. गप्पीला जड पाणीच मानवतं. नर-मादी एकत्र ठेवलेत तर तीन महिन्यांत टाकी पिल्लांनी भरेल, म्हणून फक्त नर. डॅनिओ आणि गुरामी मात्र एकत्र नकोत. डॅनिओ इतके चपळ की गुरामीच्या तोंडचा घास पळवतात.

पहिल्या खेपेला तीन-चारच मासे आणा, पंधरा दिवसांनी बाकीचे. गोल्डफिश नको. तो झाडं खातो आणि घाण खूप करतो. काच साफ करतो म्हणून दुकानदार सकर गळ्यात मारतात, तोही नको. बोटभर दिसणारा हा मासा फूटभर वाढतो.

७. आठवड्याचा अर्धा तास

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. गावाला आठवडाभर जायचं असेल तर धडधाकट मोठे मासे उपाशी राहू शकतात. शेजाऱ्याच्या हाती डबा देऊन गेलात, तर तो प्रेमाने मूठभर टाकेल आणि परत याल तेव्हा पाणी नासलेलं असेल.

पंधरवड्याला टाकीतलं पाचवा हिस्सा पाणी नळीने काढा आणि तेवढंच, त्याच तापमानाचं, क्लोरीन गेलेलं पाणी भरा. काढलेल्या पाण्यात स्पंज दोनदा पिळून घ्या. नळाखाली कधीच नको. मग ते पाणी तुळशीला आणि कुंड्यांना घाला, त्यातलं नायट्रेट म्हणजे खतच. समोरची काच पुसा, पिवळी पानं खुडा. शेवाळ वाढताना दिसलं तर दिवा एक तास कमी करा आणि दोन आठवडे वाट पाहा. औषध टाकू नका.

८. एक विनंती

दोन वर्षांनी टाकीत झाडं जास्त होतील, एखादा मासा नकोसा होईल, किंवा बदली होऊन घर हलवावं लागेल. रंगावधूत महाराजांमुळे मराठी दत्तभक्तांच्या ओळखीचं नारेश्वर करजण तालुक्यातच आहे. तिथल्या घाटावर नर्मदामैयेत मासे सोडले तर पुण्य लागेल, असं कोणालाही मनापासून वाटू शकतं. तसं करू नका. टाकीतला परका मासा जगला तर तो तिथल्या मूळ माशांचं अन्न आणि अंडी खातो. दुकानात विकला जाणारा सकर असाच भारतातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला आहे, आणि एकदा पसरला की त्याला काढता येत नाही. डभोईजवळचं वढवाणा तळं २०२१ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहे. तिथल्यासारख्या पाणथळीत आपली झाडं टाकू नका, तिथली उपटून आणूही नका. जास्तीची झाडं उन्हात वाळवून कुंडीत घाला. नको झालेला मासा दुकानात परत द्या, किंवा ज्याची टाकी नुकतीच तयार झाली आहे अशा माणसाला द्या, आणि सोबत तुमच्या फिल्टरचा स्पंजही त्याच्या टाकीत पिळून या.